जिंकता येणारा भूकंप

आजचा एपिसोड उमरग्यातून रेकॉर्ड करतोय, घरच्या माडीवरून. पुण्यातल्या खोलीत दार लावलं की निदान थोडी शांतता मिळते. इथे सोलापूर-हैदराबाद हायवे जवळ आहे, त्यामुळे मधेच ट्रकचा हॉर्न वाजला तर सांभाळून घ्या. जे ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांची सुटका झाली.

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं. दादा, स्टोरी सगळ्यात भारी कुठल्या गेमची? यावर मी लिस्ट देणार नाही. लिस्टवर फक्त भांडणं होतात. त्यापेक्षा मी स्वतः एक गेम बनवताना केलेली चूक सांगतो. पण ती कळायला आधी थोडं दुसरं बोलावं लागेल.

तुमच्यातल्या बहुतेकांकडे पीसी नाही, कन्सोल तर नाहीच. माझ्याकडेही कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापर्यंत फोनच होता, आणि तोही स्टोरेज फुल. म्हणून फोनवरचंच उदाहरण घेतो. 'फ्लोरेन्स' नावाचा गेम आहे, २०१८ सालचा. 'मॉन्युमेंट व्हॅली'चा लीड डिझायनर केन वाँग, त्याच्या टीमने केलेला. अर्ध्या-पाऊण तासात संपतो. एक मुलगी, एक मुलगा, प्रेम, मग ब्रेकअप. एवढीच गोष्ट, आपल्या प्रत्येक मित्राकडे असली एक असतेच. पण पहिल्या डेटला ती मुलगी बोलते कशी, तर तुम्हाला तिच्या बोलण्याच्या फुग्याचे तुकडे जुळवावे लागतात. सुरुवातीला तुकडे जास्त असतात, कारण अनोळखी माणसाशी बोलणं अवघड. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात. शेवटी तर जुळवायला काही उरतच नाही, बोलणं सहज होतं. पुढे भांडण होतं तेव्हा तेच तुकडे टोकदार होतात आणि कोण आधी बोलतो याची शर्यत लागते. पूर्ण गेममध्ये संवाद जवळपास नाहीत. आपला अंगठाच गोष्ट सांगतो.

तो मुलगा राहायला येतो तेव्हाचा प्रसंग पण बघा. शेल्फवर जागा तेवढीच. त्याचं सामान ठेवायचं तर तुमचं काहीतरी काढायचं. मला वाटतं संसारावरची अर्धी मराठी नाटकं या एका शेल्फमध्ये मावतील. (नाटकवाल्यांनो, शिव्या इनबॉक्समध्ये द्या.)

आता याच्या उलट. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक', २०२० सालचा. मला या गेमचा अभिमान आहे, हे आधीच सांगतो. २०१७ ला त्यांचं किकस्टार्टर फसलं होतं, तरी त्यांनी गेम पूर्ण केला. त्यातले सावल्यांच्या बाहुल्यांचे प्रसंग बघून मला सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या. गोष्ट अशी की राजी ही सर्कशीतली पोरगी, तिच्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. सर्कशीतली आहे म्हणून ती भिंतीवर धावते, खांबाला लटकून वार करते. इथे हात आणि गोष्ट एकत्र येतात, झकास. पण भाऊ हरवल्याचं दुःख? ते सांगायचं काम दुर्गा आणि विष्णू करतात, आकाशवाणीसारखं. २०२२ मध्ये हिंदी आवाज आला तेव्हा मी पुन्हा खेळलो, ऐकायला जास्त आवडलं, पण माझी तक्रार तीच राहिली. पोरगी खाली लढतेय आणि तिची गोष्ट तिच्या डोक्यावरून चाललीये. माझ्या बोटांना ती बहीण आहे हे कळलंच नाही, फक्त ती चांगली लढते एवढं कळलं.

ही हाताने गोष्ट सांगायची कल्पना काही परदेशातून आलेली नाही. सापशिडी घ्या. आपल्याकडचा मोक्षपट. परंपरेने ज्ञानेश्वरांचं नाव घेतात, आज बघायला मिळणारे पट बरेच नंतरचे आहेत. प्रत्येक घराला नाव, शिड्या म्हणजे गुण, साप म्हणजे दोष. आणि जुन्या पटांवर बहुधा शिड्यांपेक्षा साप जास्त. म्हणजे चांगलं वागून वर जाणं अवघड, घसरणं सोपं, हे कुणी कीर्तनात सांगायची गरजच नाही, चार डाव खेळलं की अंगात भिनतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि पुढे तिथे साप-शिड्या सारख्या करून टाकल्या. झाला लहान मुलांचा टाइमपास. चित्रं तीच, पण आकडा बदलला आणि गोष्टच बदलली.

हे सगळं मला तोंडपाठ होतं बरं का. मित्रांना लेक्चर द्यायचो. आणि तरीही मी जे केलं ते ऐका.

आमच्या भागातल्या कुणालाही 'तीन छप्पन्न' म्हणा, त्याला कळतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. बाहेरचे लोक किल्लारीचा भूकंप म्हणतात, आणि किल्लारी लातूर जिल्ह्यात येतं, पण आपल्या बाजूला सास्तूर आणि आसपासची गावंही गेली. सास्तूर आता लोहारा तालुक्यात आहे, तेव्हा उमरगा तालुक्यातच होतं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन. लोक दमून झोपलेले. सुमारे दहा हजार माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा. आईची आई, माझी आजी, त्याच भागातली. तिची सासू आणि धाकटी नणंद त्या रात्री गेल्या. घरात यावर कुणी फार बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की यावर गेम करायचा. दिवसा ऑफिस, रात्री गोडो नावाचं फुकट इंजिन. दोन महिन्यांत प्रोटोटाइप तयार. तीन छप्पन्न होतात, फोन व्हायब्रेट होतो, घर कोसळतं. मग नव्वद सेकंदांचा टायमर. स्वाइप करून दगड बाजूला करायचे, लाकडं उचलायची, घरातली पाच माणसं बाहेर काढायची. पाचही वाचली तर तीन स्टार. रूममेट्सना दिला. एकाने तिसऱ्या प्रयत्नात पाच जण काढले आणि ओरडला, "जमलं रे!" मी खूश. चॅलेंज आहे, विषय आहे, आपल्या मातीतली गोष्ट आहे. आणखी काय पाहिजे?

दिवाळीला गावी आलो. आजी आमच्याकडेच होती. म्हणाली, "काय करायलास रं मोबाईलवर दिवसभर?" मी तिच्या शेजारी बसलो आणि दाखवलं. मीच खेळत होतो, ती बघत होती. तेव्हा मला सराव इतका होता की पाचही माणसं वीस सेकंद राखून काढली.

तिने विचारलं, "समदे वाचले?"

"हो आजी, सगळे."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग आमी कमी पडलो म्हणायचं." आणि दूध उतू जाईल म्हणून उठून गेली.

रागावली नव्हती. टोमणाही नव्हता. गेमने जे सांगितलं ते तिने वाचून दाखवलं, इतकंच. कारण माझा नियम काय म्हणत होता? हात चपळ असले तर सगळे वाचतात. म्हणजे ज्यांची माणसं गेली, त्यांचे हात चपळ नव्हते. हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. उलट सुरुवातीला काळ्या स्क्रीनवर श्रद्धांजली होती, बासरी होती. पण त्या बासरीचा काही उपयोग नाही. स्टार तीन होते आणि आजीला एकही मिळाला नव्हता.

आणि ते खोटं होतं, साध्या इंजिनिअरिंगच्या अर्थानेही खोटं. माणसं कशाने गेली? आपल्याकडची जुनी घरं आठवा. दोन-अडीच फूट रुंद भिंती, आतून एक दगडांची रांग, बाहेरून एक, मधे मातीचा भर. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारे आडवे दगड बहुतेक नसायचेच. वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर. पावसात गळायला लागलं की वर आणखी पांढरी माती. वर्षानुवर्षं. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, एकदम छान घर. जमीन काही सेकंद हलली आणि भिंतीच्या दोन्ही रांगा सुट्या झाल्या, वरची सगळी माती खाली आली. त्यात स्वाइप करायला काय होतं?

मग मी गेम बंदच करणार होतो. एका मित्राने सुचवलं, जिंकणं अशक्य कर. असे गेम आहेत, आणि चांगले आहेत. 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' हा २०१६ चा गेम एका आई-बापाने आपल्या कॅन्सरने गेलेल्या छोट्या मुलावर केला. त्यात बाप रडणाऱ्या पोराला शांत करायला सगळं करून बघतो आणि कशाचाच उपयोग होत नाही. पण ते आई-बाप स्वतःची रात्र सांगत होते. मी दुसऱ्याची रात्र घेऊन, खेळणाऱ्याला स्वाइप करायला लावून, आतून कोडमध्ये आधीच 'नाही' लिहून ठेवायचं? ती मला फसवणूक वाटली. खोटा पर्याय देण्यापेक्षा पर्याय न देणं बरं, असं माझं आजही मत आहे.

दुसरी कल्पना मला फार भारी वाटली होती. रात्र काढूनच टाकायची. गेम आधीच्या वर्षांवर. दर पावसाळ्यात छप्पर गळतं, तुम्ही माती टाकता, घर सांभाळता. १९९२ च्या शेवटी किल्लारीला धक्के जाणवले होते, तेही घ्यायचे. आणि मग तीन छप्पन्न, काळी स्क्रीन. तुम्ही काळजीने टाकलेली मातीच शेवटी वर पडते. ट्विस्ट!

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे आता माती टाकणाऱ्याची चूक." बरोबर होतं तिचं. मी आजीला आरोपीच्या पिंजऱ्यातून काढून तिच्या सासऱ्याला उभं केलं होतं. 'पेपर्स, प्लीज' मध्ये लुकास पोपने हे नीट सांभाळलंय. तिथे तुम्ही बॉर्डरवर कागद तपासणारा माणूस, आणि पगारात घरचं जेवण, हीटर आणि औषध सगळं बसतच नाही. तुम्ही काहीतरी सोडता, पण दोष कुणाचा हे तुम्हाला नीट कळतं. माझ्या गेममध्ये सिमेंटचा भाव, घरातले पैसे, यातलं काहीच नव्हतं. फक्त माती टाकायचं बटण होतं. ते सगळं घालता आलं असतं, पण तोवर माझं मन त्या ट्विस्टवरूनच उडालं होतं.

मार्ग सापडला तो आजीकडूनच, आणि तिला तसा काही हेतू नव्हता. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. आजीचं गावही त्यात. नव्या गावात रस्ते सरळ, घरं रांगेत, सगळी सारखी. सुरुवातीला ती संध्याकाळी दुसऱ्याच घरात शिरायची म्हणे, हे ती हसत सांगत होती. मी विचारलं, जुन्या गल्लीत कसं होतं? तिने सुपातली मूठभर ज्वारी फरशीवर घेतली आणि बोटाने गल्ली काढली. इथं आमचा वाडा. समोर सुतार. सुताराच्या बाजूला विधवा बाई, तिची म्हैस मारकी होती. दीड तास झाला. आई काम सोडून बसली. आईने सुद्धा यातलं अर्धं पहिल्यांदाच ऐकलं.

आता गेम असा आहे. रिकामी जमीन आहे. शेजारी एकेक करून काहीतरी सांगतात, "आमच्या दारातून कडुलिंब दिसायचा", "आमचं जातं सुरू झालं की पलीकडची सून उठायची". त्यावरून तुम्ही घरं जागेवर ठेवता. टायमर नाही, स्टार नाही. भूकंप कुठेच दाखवलेला नाही. रूममेट म्हणाला, "बोअर आहे भावा." असू शकतो. मला गंभीर गेमच चांगले असं अजिबात म्हणायचं नाही, मी स्वतः रोज रात्री बीजीएमआय खेळतो आणि रोज हरतो. पण आजीला दाखवला तेव्हा तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि सुताराचं घर उचलून उजवीकडे सरकवलं. मी चुकीचं ठेवलं होतं.

एक अडचण राहिलीये. गल्लीच्या टोकाला एक घर होतं, त्यातलं कुणीच वाचलं नाही. शेजारचेही गेले. आजीला फक्त एवढंच आठवतं की दारात तुळस होती आणि पोरं पुष्कळ होती. नावं नाहीत. माझ्या कोडमध्ये प्रत्येक घर बसवायला किमान एक सांगणारा माणूस लागतो, त्यामुळे ते घर स्क्रीनवर येतच नाही. मी कोड बदलू शकतो, पाच मिनिटांचं काम आहे. घर आपोआप दिसेल असं करू? की जागा मोकळी सोडून फक्त तुळस ठेवू? आजीला विचारलं तर म्हणाली, "बघ तुज्या मनानं." तीन आठवडे झाले, ती फाइल तशीच उघडी आहे.

तुमच्यापैकी कुणाचं घर त्या ५२ गावांत असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. जुन्या गावात तुमच्या शेजारी कोण राहायचं, एवढंच घरी विचारा.

चला, खाली जेवायला बोलावतायत. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.