अमेरिकेची निवडणूक आणि आपल्या शिवारातील कापूस

(युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक हा युसूफ वडगावात बोलण्याचा विषय आहे काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. जिथे आपल्याला मतदान करायचे नाही, त्या निवडणुकीची उठाठेव आपण का करावी? माझे उत्तर सरळ आहे. त्या मतपेटीतून निघणाऱ्या निर्णयाची किंमत आपल्या शिवारातही मोजावी लागते, म्हणून.

५ नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांना ३१२, तर कमला हॅरिस यांना २२६ निर्वाचक मते मिळाली. जगभरचे निरीक्षक या लढतीकडे आपापल्या हिताच्या दृष्टीने पाहत होते. युरोपला युक्रेन युद्धाची आणि स्वतःच्या संरक्षणाची काळजी होती, चीनला आयातकराची. आपल्याकडे मात्र चर्चा रंगली ती हॅरिस यांच्या मातोश्रींच्या तामिळनाडूतील माहेराची आणि ट्रम्प आपले मित्र किती, याची! चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री. ठाणेदार मिशिगनमधून पुन्हा प्रतिनिधिगृहात निवडून आले, याचा मराठी मनाला आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु ते मिशिगनच्या मतदारांना उत्तरदायी आहेत, आपल्याला नाहीत. आडनावावरून परराष्ट्राचे धोरण ओळखता येत नसते.

दुखणे कुठे होते?

मग अमेरिकी मतदाराच्या मनात काय होते? जून २०२२ मध्ये तेथील महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता, चाळीस वर्षांतील उच्चांक. पुढे दर उतरला, पण वाढलेल्या किमती उतरल्या नाहीत. गृहिणीला आकडेवारी दिसत नाही, किराण्याचे बिल दिसते. हे केजमध्ये जितके खरे, तितकेच पेनसिल्व्हेनियात. राष्ट्रीय कर्ज २०२४ च्या अखेरीस ३६ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले होते. १९७९ मध्ये तेथील कारखान्यांत सुमारे १ कोटी ९५ लाख लोक काम करीत होते. २०२४ मध्ये ही संख्या १ कोटी २८ लाखांच्या आसपास होती. लोकसंख्या मात्र या काळात दीडपट झाली.

अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो ५३८ निर्वाचकांच्या मतांनी. त्यामुळे निकाल प्रत्यक्षात मोजक्या दोलायमान राज्यांच्या हाती असतो. २०२४ मध्ये अशी सात राज्ये होती आणि सातही ट्रम्प यांनी जिंकली. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन ही त्यांतील तीन राज्ये कारखानदारीची. बंद पडलेल्या कारखान्याच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला 'परदेशी मालावर कर लावू' हे आश्वासन गोड वाटले, यात नवल नाही.

मिशिगन ते मांजरा

हे आश्वासन आपल्यापर्यंत कसे पोहोचले पाहा. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर अमेरिकेत ५० टक्के कर लागू झाला. पुढे त्यात बदल झाले, पण तोवर तिरुपूरच्या कपडे उद्योगाला धक्का बसला होता. वस्त्रोद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून आपल्या सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क स्थगित केले आणि ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. म्हणजे नेमक्या आपल्या वेचणीच्या हंगामात! त्याच सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातील बोंडे झाडावरच सडत होती. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. पण १२ टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा असलेला कापूस हमीभाव केंद्रावर घेतला जात नाही, आणि बाहेर व्यापारी हमीभावाच्या खालीच बोलत होता.

गिरणी वाचली पाहिजे, हे मान्य. गिरणी बुडाली तर कापूस घेणार कोण? पण गिरणीचे ओझे शेतकऱ्याच्या खांद्यावर ठेवताना त्याला विचारले गेले नाही. सरकार आपल्या विचाराचे असो वा नसो, हे आपण स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. आपुलकीच्या अधिकारानेच सांगायचे, पण सांगायचे.

ब्राझीलचा धडा

परक्या देशाकडे पाहावे कसे, हे ब्राझीलने दाखवून दिले. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना जे अनुदान देते, त्याने जागतिक भाव पडतात, ही तक्रार घेऊन ब्राझील २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे गेला. आकडे जमवले, तज्ज्ञ उभे केले आणि २००५ मध्ये अपिलातही निकाल आपल्या बाजूने मिळवला. शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. बारा वर्षांत वॉशिंग्टनमध्ये पक्ष बदलले, अध्यक्ष बदलले; ब्राझीलचा अभ्यास आणि चिकाटी बदलली नाही.

अमेरिकेचा द्वेष करण्याचे कारण नाही आणि भारावून जाण्याचेही नाही. तेथील नेता आपल्या मतदाराचे हित पाहतो, हा त्याचा दोष नव्हे. आपले हित आपण पाहायचे असते. आपल्या गावातील मुले व्यापार, कायदा, अर्थशास्त्र शिकोत. आपला कापूस स्वच्छ वेचला जावो, सरकी आणि रुई वेगळी करण्यापासून सूत काढण्यापर्यंतचे काम शक्य तितके याच परिसरात होवो. पुढील निवडणूक २०२८ मध्ये आहे. त्या वेळी 'कोण जिंकले?' एवढेच न विचारता 'आपली तयारी किती?' हेही आपण विचारू या.