छतावरचा सूर्य आणि जिन्याखालचा बोर्ड

(संस्थेच्या महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली, आणि तेव्हापासून लष्करच्या गल्ल्यांतून सौर विजेची चर्चा वाढीस लागली. या योजनेत घरगुती ग्राहकास २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे ३०,००० रुपये, आणि ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचास एकंदर ७८,००० रुपये साहाय्य ठरविण्यात आले. साहजिकच छतावर पॅनेले कोणती बसवावीत, किती बसवावीत, बिल किती कमी होईल, असे प्रश्न लोक विचारतात. परंतु छतावरून खाली आलेली वायर जिन्याखालच्या मेन बोर्डास कशी जोडावयाची, हे विचारणारे फार थोडे. घरची माणसे, शेजारीपाजारी आणि रस्त्यावरच्या खांबावर चढणारा लाइनमन, या सर्वांचे क्षेम त्या जोडणीवर अवलंबून आहे. म्हणून आज तेवढ्या एकाच गोष्टीविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम यंत्राचा स्वभाव समजून घेऊ. पॅनेलांतून निघणारी वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डी. सी. असते, घरातील पुरवठा असतो ए. सी. विजेचा. इन्व्हर्टर पहिलीचे रूपांतर दुसरीत करतो. बॅटरीवाचून चालणारा इन्व्हर्टर बाहेरच्या तारांशी जोडलेला असतो, आणि तो आपली लय त्या तारांकडूनच घेतो : दाब २३० व्होल्ट, आवर्तने सेकंदास ५०. ग्वाल्हेर हे गाण्याचे माहेरघर, तेव्हा दृष्टांतही गाण्याचाच घेऊ. हा गवई असा आहे की, तंबोऱ्याचा षड्ज कानी पडेल तोवरच गातो. तंबोरा थांबला की तोही थांबतो. बाहेरची वीज गेली की हा इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडतो.

मे महिन्याच्या भर दुपारी, सूर्य आग ओकत असता, पंखा थांबला म्हणजे घरमालक चिडतो आणि विचारतो, 'एवढा खर्च करून मिळविले काय?' त्याचे उत्तर असे. वीज गेली म्हणजे लाइनमन खांबावर चढतो. त्या वेळी एखाद्या घरातून प्रवाह उलटा बाहेर गेला, तर बंद समजलेली तार जिवंत होते. शिवाय जो ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचा दाब उतरवून आपल्या गल्लीत वीज देतो, तोच उलट बाजूने प्रवाह आल्यास दाब चढवूही शकतो. म्हणूनच केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१३ सालच्या विनियमांत बंधन घातले की, बाहेरचा पुरवठा तुटला असता अशा संचाने दोन सेकंदांच्या आत तारांशी संबंध तोडला पाहिजे. हे बंधन चुकविण्याची युक्ती सांगणारा कोणी भेटला, तर त्यास दुरूनच नमस्कार करावा.

वीज गेल्यावरही घरात उजेड हवा असेल, तर त्यास सरळ मार्ग आहे. बॅटरी जोडण्याजोगा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा. त्याला दोन वाटा असतात : एक मेन बोर्डाकडे जाणारी, दुसरी निवडक वस्तूंसाठी. दिवे, पंखे, फ्रीज अशा वस्तूंचा एक लहान बोर्ड वेगळा काढून तो दुसऱ्या वाटेवर ठेवावा. गीझर, पाण्याची मोटर, एअर कंडिशनर हे मेन बोर्डावरच राहू द्यावेत. या दोन बोर्डांचे न्यूट्रल मात्र कटाक्षाने निराळे ठेवावे लागतात. जुन्या घरांत कोणाचा न्यूट्रल कोणास जोडला आहे, याचा पुष्कळदा पत्ता नसतो. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तरी आर. सी. सी. बी. हे उपकरण वीज तोडते. न्यूट्रल मिसळले असतील तर ते वारंवार पडणारच. मग 'कटकट नको' म्हणून ते उपकरणच काढून टाकण्यात येते. कुत्रे रात्री भुंकते म्हणून त्यासच हाकलून द्यावे, तशातला हा प्रकार!

आता प्रत्यक्ष बोर्डाकडे वळू. ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह देतो. गच्चीवर जवळच एखादे सॉकेट आहे, तेव्हा त्यातच वायर खोचून मोकळे व्हावे, असा मोह होतो. तो टाळला पाहिजे. त्या सॉकेटच्या वायरीचे रक्षण समजा १६ अँपिअरचा एम. सी. बी. करीत आहे. एका बाजूने मेनचे १६ व दुसऱ्या बाजूने सूर्याचे १३ असे २९ अँपिअर त्या वायरीच्या एखाद्या भागातून वाहू शकतात, आणि एम. सी. बी.स त्यांपैकी १६ च दिसत असल्यामुळे तो स्वस्थ बसून राहतो. वायर भिंतीच्या आत तापत राहते. म्हणून इन्व्हर्टरची वायर स्वतंत्र असावी, ती थेट मेन बोर्डापर्यंत यावी, तिला स्वतःचा एम. सी. बी. असावा (१३ अँपिअरसाठी साधारणतः २० चा), आणि बोर्डातील बसबार दोन्ही बाजूंच्या प्रवाहांची बेरीज सोसणारा असावा.

जयविलास महालाची कथा आपणांपैकी बहुतेकांनी ऐकली असेल. इ. स. १८७४ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या महालाच्या दरबार हॉलमध्ये सुमारे साडेतीन टनांचे एकेक झुंबर टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याचे बळ अजमावले, असे सांगतात. आपल्या वाड्यांतून लाकडी फळीवर चिनी मातीचे फ्यूज लावलेले बोर्ड कोठे कोठे अजून आहेत. त्यांवर नवे ओझे घालण्यापूर्वी हत्ती नको, पण जाणत्या परवानाधारक वायरमनची पारख तरी हवी. बोर्ड बदलण्याचा खर्च पॅनेलांच्या खर्चात आरंभीच धरावा.

छताकडच्या बाजूचाही विसर पडू नये. सात-आठ पॅनेले एका माळेत जोडली की दाब ३०० व्होल्टच्या घरात जातो. ए. सी. प्रवाह सेकंदास शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी विझण्यास मदत होते, डी. सी. प्रवाहास तशी उसंत नाही. म्हणून तेथे डी. सी. साठीच बनविलेला स्विच लागतो. इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलांपासून येणारी वायर जिवंतच असते, हे घरातील मुलाबाळांसही सांगून ठेवावे. अर्थिंगचे माप उन्हाळ्यात घ्यावे. पावसाळ्यात ओल्या जमिनीत चांगले दिसणारे अर्थिंग वैशाखात जमीन वाळली की निकामी ठरू शकते.

काम पुरे झाले म्हणजे पैसे चुकते करण्यापूर्वी एक परीक्षा आपल्या समक्ष करवावी. लख्ख ऊन असता वायरमनने मेन स्विच बंद करावा. इन्व्हर्टर तत्काळ तारांपासून तुटला पाहिजे, आणि मेन स्विचच्या घराकडील बाजूस मीटर लावून तेथे दाब शून्य आहे, हे वायरमनने दाखविले पाहिजे. मग बोर्डावर ठळक अक्षरांत मराठीत व हिंदीत लिहावे : 'येथे दोन बाजूंनी वीज येते.'

दान डाव्या हातासही कळू नये, असे आपण म्हणतो. खांबावरच्या ज्या माणसाचे नाव आपणांस ठाऊक नाही, त्याचा जीव आपल्या जिन्याखालच्या बोर्डाने राखावा, हे तशाच प्रकारचे दान होय.