जुन्या वह्यांतील मृत्यूची कारणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत आयुष्यभर मुलांना बाराखडी शिकविली. निवृत्तीनंतर मोडी लिपी शिकून घेतली, ती केवळ घरातील जुने दप्तर वाळवीच्या मुखी जाण्यापूर्वी एकदा वाचून पाहावे म्हणून. त्या वाचनातून हाती आले ते आज आपणांपुढे ठेवितो.

2023 पासून जातीच्या पुराव्यासाठी कोतवाल बुकांचा, म्हणजे गाव नमुना 14 चा, मोठा शोध चालला. आपल्या मंडळाकडेही मोडी उतारे घेऊन कितीतरी मंडळी आली. सर्वांची दृष्टी जातीच्या रकान्यावर! त्याच ओळीत थोड्या अंतरावर आपला पणजोबा कशाने गेला हे लिहिलेले असते. ते वाचून घेण्याची इच्छा फार थोड्यांनी दाखविली.

हे कारण वाचणे सोपे नाही. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली लेखणी न उचलता अक्षरे लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडीत नाहीत आणि ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध पाळीत नाहीत. पण अक्षर लागले तरी अर्थ लागतोच असे नाही. 'पटकी' अथवा 'जरीमरी' म्हणजे कॉलरा, हे आजच्या मुलांस सांगावे लागते. 'गाठीचा ताप' म्हणजे प्लेग. तो 1896 साली मुंबईत उद्भवला आणि पुढील वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले त्यालाच बळी पडल्या. 'देवी आल्या' म्हणजे रोग झाला आणि 'देवी काढल्या' म्हणजे रोग होऊ नये म्हणून टोचून घेतले. क्रियापद चुकले की जगलेले मूल कागदावर मरते. मुंबईस गिरणीत गेलेल्या आपल्या मंडळींच्या इंग्रजी दाखल्यांवर 'थायसिस' असे दिसते, तो क्षय होय. आणि सर्वांत फसवा शब्द 'ताप'. नोंद करणारा काही वैद्य नव्हता. हिवताप असो, विषमज्वर असो, अंग तापून माणूस गेला की 'ताप' लिहून तो मोकळा होई.

आता घरची गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही याचा बरेच दिवस विचार केला.

माझ्या आजोबांची प्रथम पत्नी एकोणिसाव्या वर्षी निवर्तली. माझे वडील व चुलते ही द्वितीय संबंधाची मुले. आजोबा ही मुले लहान असतानाच गेल्यामुळे जुनी हकीकत सांगणारे घरात कोणी उरले नाही. उरली ती श्राद्धतिथींची वही. चुलत्यांस मोडी थोडीफार येत असे. त्यांनी वही उघडली आणि त्या बाईच्या नावापुढे वाचले, 'मान मोडून'. शेवटची दोन अक्षरे शाईच्या डागाखाली गेली होती. ती त्यांनी अर्थाच्या ओघात भरून घेतली. त्या दिवसापासून तिचे श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीस, शस्त्रादिकांनी मेलेल्यांच्या तिथीस होऊ लागले. कोणी म्हणे माडीवरून पडली, कोणी म्हणे गळफास घेतला, आणि कोणी याहून वाईट म्हणे. तिच्या माहेरची माणसे दहनास आली नव्हती व पुढेही आमच्या दारी आली नाहीत, यास आता कारण सापडले असे सर्वांस वाटले. मीही ते खरे मानूनच लहानाचा मोठा झालो.

वही माझ्याकडे आल्यावर मी भिंग घेऊन बसलो. तिथी शके 1840 च्या आश्विन शुद्ध पक्षातील, म्हणजे ऑक्टोबर 1918. डागाखाली वेलांटी स्पष्ट दिसत होती. उकार कोठेच नव्हता. शब्द 'मान मोडून' नव्हे, 'मानमोडीने' असा होता! इन्फ्लुएंझाच्या त्या साथीस आपल्याकडे मानमोडी म्हणत. जूनमध्ये मुंबईत आलेला तो रोग सप्टेंबरपासून भयंकर रूपाने पुन्हा उसळला आणि हिंदुस्थानात 1 कोटीहून अधिक माणसे घेऊन गेला. त्यात तरणीताठी फार.

तरीही एका वेलांटीवर विसंबून निकाल देणे मला बरे वाटेना. शाळेत मुलाची पुसट वेलांटी पाहून मी कधी गुण दिले नाहीत. म्हणून कोतवाल बुकाची नक्कल मागविली. ती मिळविण्यास किती खेटे घालावे लागले, ते येथे सांगत नाही. नकलेत तिच्या नावापुढे कारण होते 'ताप'. त्याच पानावर वर तेच, खाली तेच. गळफासाचे अथवा पडून झालेले मरण असते तर पोलिसांत वर्दी जाऊन पंचनामा झाला असता आणि पाटलाने 'ताप' लिहिले नसते. सरकारी कागदावरील ताप आणि घरच्या वहीतील मानमोडी ही एकाच रोगाची दोन नावे ठरली.

गेल्या पितृपंधरवड्यात आम्ही तिचे श्राद्ध चतुर्दशीवरून काढून अविधवा नवमीस केले. चुलते आता हयात नाहीत. असते तर त्यांस हे कसे सांगितले असते, कोण जाणे.

त्यानंतर दोन्ही कागद घेऊन मी तिच्या माहेरगावी गेलो. तिच्या भावाचे नातू, माझ्याहून वयाने वडील, ओटीवर बसले होते. मी नाते सांगताच त्यांची मुद्रा बदलली; पाणी देखील विचारले नाही. मी कागद पुढे ठेवून मजकूर वाचून दाखविला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन फडक्यात बांधलेली त्यांच्या घरची वही घेऊन आले व म्हणाले, "गुरुजी, आम्हांला मोडी येत नाही. एवढे वाचा."

त्याच आश्विनात, तिच्या तिथीच्या मागेपुढे, त्या घरातील दोन नावे होती. एक तिच्या वडिलांचे, दुसरे थोरल्या भावाचे. दोहोंपुढे तोच शब्द, आणि यावर डाग नव्हता.

म्हातारा म्हणाला, "म्हणजे आमच्याकडून येणार तरी कोण होते!" आणि सुनेला हाक मारून त्याने चहा ठेवावयास सांगितला.