नोकरीचा शोध : मोबाईलवरची यादी आणि माणसाची ओळख
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



नोकरी मोबाईलवरून शोधावी की ओळखीने, हा आजचा विषय विद्यार्थ्यांनीच सुचविला आहे. वडील मंडळी म्हणतात, ओळखीशिवाय पान हलत नाही. मुले म्हणतात, आता सारे ऑनलाईन आहे, वशिल्याचे दिवस गेले. आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. मोबाईलवर रिकामी जागा दिसते, पण ती जागा भरणारा माणूस दिसत नाही. आपल्या मुलांचे घोडे अडते ते तिथेच.

ओळखीचा मार आपल्या समाजाने पुष्कळ खाल्ला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसे लागली ती बहुतेक जॉबरच्या शब्दावर. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. माणूस घेणे, बदलीवर ठेवणे, काढून टाकणे हे बऱ्याच अंशी त्याच्या हाती असे. तो आपल्या गावचा, नात्यातला, जातीतला माणूस आधी घेई आणि वर दस्तुरीही घेई. कापड विणण्याच्या खात्यात मजुरी चांगली, पण तेथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते आणि त्याने विटाळ होतो! १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. ज्या ओळखीने एकाचा चुलतभाऊ कामाला लागत होता, त्याच ओळखीने दुसरा दाराबाहेर राहत होता, हे विसरून कोणी ओळखीचे गोडवे गाऊ नयेत.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४५ साली त्यांच्या खात्याखाली पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभे राहिले आणि सरकारी रोजगार केंद्रांचे जाळे विणले जाऊ लागले. तात्कालिक हेतू युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना आणि कामगारांना काम लावून देण्याचा होता. परंतु नाव नोंदवा, नंबर घ्या, पाळी आली की बोलावणे येईल, ही पद्धत जॉबरच्या पद्धतीच्या अगदी उलट होती. १९५९ साली कायदा झाला आणि ठराविक मालकांना रिकाम्या जागा या केंद्रांना कळविणे भाग पडले. मात्र जागा कळवा एवढेच तो कायदा म्हणत होता, माणूस तिथूनच घ्या असे म्हणत नव्हता. सेवायोजन कार्यालयाचे कार्ड ट्रंकेत जपून ठेवून वर्षानुवर्षे पोस्टमनची वाट पाहिलेली माणसे या सभागृहातही असतील.

आज त्याच कार्डाची जागा 'महास्वयंम'ने आणि २०१५ साली सुरू झालेल्या 'नॅशनल करिअर सर्व्हिस'ने घेतली आहे. खासगी स्थळे वेगळीच. त्यांचा उपकार मोठा आहे. फलटणमधल्या मुलीला पुण्यातली जागा त्याच दिवशी कळते, हे आमच्या तरुणपणी शक्य नव्हते. पण जाहिरात कळणे निराळे आणि बोलावणे येणे निराळे.

हे आम्ही हवेत बोलत नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखीच, फक्त आडनावे वेगळी : एक सवर्ण हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला तर एक-तृतीयांश. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्जावर कोठेही जात लिहिलेली नव्हती. नावानेच काम केले. आता अर्ज कागदावरचा असो वा मोबाईलवरचा, वर नाव असतेच. तेव्हा पन्नास ठिकाणी अर्ज टाकून एकही उत्तर आले नाही, तर आपल्यातच काही खोट आहे असे मुलांनी मानू नये.

मग उपाय काय? वशिला नव्हे. वशिला म्हणजे पात्रता नसताना लावलेला शब्द. "या मुलाचे काम मी पाहिले आहे" असे आतल्या माणसाने सांगणे याला आम्ही वशिला म्हणत नाही, ती साक्ष आहे. जेथे नावच आडवे येते तेथे अशी साक्ष लागतेच.

ही साक्ष मामा-काकांनीच द्यावी असेही नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक गंमतीची गोष्ट दाखवून दिली. ज्यांना ओळखीने नोकरी लागली, त्यांना त्यांनी विचारले की त्या माणसाची भेट किती वेळा होत असे? नेहमी, असे सांगणारे शंभरात सतराच निघाले. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होत असे. कारण उघड आहे. घरच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते, नवी बातमी दूरचा माणूस आणतो. २०२२ साली 'लिंक्डइन'वरील दोन कोटी लोकांच्या जोडण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही नोकरीसाठी फार जवळच्या ओळखींपेक्षा बेताच्या दूरच्या ओळखी अधिक कामी आल्या असेच दिसले. म्हणजे मोबाईलवरच्या ओळखीही ओळखीच, पण त्या जिवंत ठेवाव्या लागतात.

बाबासाहेबांचेच पाहा. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या मुलाची कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण होऊन विचारपूस केली. ना नाते, ना जात एक. पुढे याच गुरुजींनी महाराज सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. मुलगा बागेत रोज पुस्तक घेऊन बसत होता, हेही लक्षात घ्या.

आता आपल्या फलटणचे. गावाजवळ कमिन्सचा मोठा कारखाना आहे, बारामती, लोणंद, शिरवळच्या औद्योगिक वसाहती एस.टी.च्या टप्प्यात आहेत. आपली किती माणसे तेथे आज कामाला आहेत, याची यादी कोणाकडे आहे? आमच्याकडे नाही, मंडळाकडेही नाही. नोकरी लागली की माणूस पुण्याला बिऱ्हाड करतो आणि १४ एप्रिललाच भेटतो. आम्हाला याचे वाईट वाटते आणि ते येथे बोलून दाखविण्यात संकोच वाटत नाही. ज्यांच्या फीसाठी कोणीतरी धावपळ केली होती, त्यांनी गावाकडच्या पोराचा फोन तरी उचलावा.

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द. "काका, कुठेतरी चिकटवा" असा निरोप पाठवू नका. कोणते यंत्र चालविता येते, कोणता अभ्यासक्रम पुरा केला, केव्हापासून येऊ शकता, हे चार ओळींत लिहा. नोकरी मागण्याआधी त्या खात्यात काम कसे चालते ते विचारा, माणसे आनंदाने सांगतात. उत्तर आले तर आभार कळवा आणि नोकरी लागली तरी कळवा. नोंदणी फी किंवा अनामत म्हणून पैसे मागणारा निरोप आला, तर तो कितीही नामांकित कंपनीच्या नावाने असो, एक रुपयाही देऊ नका.

मंडळाने आज दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जे नोकरीत आहेत त्यांनी आपले नाव, खाते, फोन आणि कोणत्या दिवशी बोलता येईल ते लिहावे. ही वही सचिवांकडेच राहील, तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. पहिली दोन पाने आम्ही आताच भरून ठेवली आहेत. चहा त्याच टेबलापलीकडे आहे, तेव्हा सर्वांना तिकडूनच जायचे आहे. जय भीम.