पुढचा ब्रेक आणि पास्कलचा नियम

श्रोतेहो, पास्कलचा नियम मीं तीस वर्षें फळ्यावर शिकविला. त्याचा खरा अर्थ मात्र नातवाच्या मोटरसायकलीनें मला शिकविला.

त्याच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकला १६ मिलिमीटर व्यासाचा मास्टर सिलिंडर होता. लिव्हर मऊ लागतो, म्हणून त्यानें शर्यतीच्या गाडीचा १९ मिलिमीटरचा बसविला. लिव्हर दगडासारखा कठीण झाला आणि स्वारी खूष झाली. चौथ्या दिवशीं गांवाबाहेर समोर म्हैस आली. बोटें नेहमीप्रमाणें आवळलीं, पण गाडी नेहमीच्या अंतरांत थांबली नाहीं. म्हैस वांचली, नातवाचें मनगट मोडलें.

कारण सोपें आहे. दाब म्हणजे बल भागिलें क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. सोळाचा वर्ग २५६, एकोणिसाचा ३६१. दट्ट्यावर बल तितकेंच पडलें, तर तेलांतील दाब सुमारें २९ टक्क्यांनीं घटतो. मोठा दट्ट्या थोड्या हालचालींत पुष्कळ तेल सरकवितो, म्हणून लिव्हर कठीण लागतो. पण कठीणपणा म्हणजे ताकद नव्हे.

तेव्हां तरुण मित्रांनो, नवा मास्टर सिलिंडर निवडतांना कॅलिपरमधील दट्ट्यांचें क्षेत्रफळ आणि लिव्हरचें प्रमाण आधीं पाहावें. लिव्हर मऊ लागण्याचें कारण पुष्कळदां तेलांत शिरलेली हवा किंवा दाबाखालीं फुगणारी जुनी रबरी नळी हेंच असतें. तो दोष प्रथम दूर करावा. आणि नवा भाग बसविल्यावर त्याची परीक्षा मोकळ्या मैदानांत, मंद वेगानें घ्यावी. भर रस्त्यांत ती आपली होते.