मंगळवारचं कोशर जेवण

आजचा विषय आहे रोजचा कोशर स्वयंपाक. मराठी कार्यक्रमात हा विषय कुठून आला, असं काहींच्या मनात आलं असेल. तर तो कोकणातून आला. अलिबाग, पेण, रोहा या भागातल्या खेड्यांत बेने इस्रायल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं शनवार तेली. आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर. घरची भाषा मराठी. मी त्यांच्यातलाच एक. ठाण्यात वाढलो, आता टोरंटोच्या उत्तरेला थॉर्नहिलमध्ये राहतो आणि आयटीत सल्लागाराचं काम करतो. बायकोची नोकरी शिफ्टची, मुलं दोन, दोघंही प्राथमिक शाळेत. म्हणजे स्वयंपाकाला वेळ किती उरतो ते तुम्हाला सांगायला नको.

सणाचा स्वयंपाक कसाही पार पडतो. आईला फोन करतो, दिवसभर खपतो, फोटो काढतो. माझी अडचण मंगळवारची आहे. सहाला घरात पाऊल टाकलं की साडेसहाला ताटात काय? इथे बॅथर्स्ट स्ट्रीटवरच्या कोशर दुकानात नगेट्स, पिझ्झा, श्निट्झेल सगळं गोठवलेलं तयार मिळतं. आमच्याकडेही असतं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण आठवड्याचे पाच दिवस तेच झालं, की मुलांच्या डोक्यात एक वाटणी पक्की होते: कोशर म्हणजे ते, आणि आजीचं जेवण म्हणजे काहीतरी वेगळं. धाकटीनं मला एकदा विचारलं, "बाबा, आज इंडियन जेवायचं की ज्यूइश?" समोर ताटात सुरमईचं कालवण आणि भात होता. आता काय सांगणार? मी तिला दावीद रहाबीची गोष्ट सांगितली.

आमच्यात ही गोष्ट परंपरेनं चालत आली आहे. दावीद रहाबी नावाचा एक विद्वान कोकणात आला. त्यानं पाहिलं, हे लोक शनिवार पाळतात, मुलांची सुंता करतात, शमा म्हणतात, पण यांच्याकडे ग्रंथ नाहीत. हे खरंच यहुदी का? त्यानं बायकांना वेगवेगळे मासे दिले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे ठेवले, बाकीचे बाजूला काढले. हे आम्ही खात नाही, म्हणाल्या. रहाबीची खात्री पटली. ग्रंथ नसताना बायकांच्या चुलीपाशी नियम शाबूत होता, तोही रोजच्या कालवणात.

हा नियम आजही तसाच. पापलेट, सुरमई, बांगडा चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत. मुशीही नाही. इथल्या बाजारात सॅमन, ट्राउट, तिलापिया बिनघोर घ्या, कॅटफिश नको. मासा अख्खा किंवा कातडीसकट घ्यावा, म्हणजे खवले डोळ्यांनी दिसतात. सॅमनला त्याच्या रंगामुळे बरेच जण सूट देतात. मासळीवाल्याच्या सुरीला कोळंबी लागलेली असते, म्हणून अख्खा मासा आणून घरीच कापलेला बरा. आणि मासा हा मांसात धरत नाहीत, त्यामुळे तो सर्वांत सोपा. आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबिरीचं वाटण तेलावर परतायचं, हळद, चिंचेचा कोळ, नारळाचा रस, वर मासा. पंचवीस मिनिटांत पातेलं खाली.

आता मुख्य गोष्ट, मांस आणि दूध. दोन्ही एकत्र शिजवायचं नाही, एकत्र खायचं नाही, भांडीही वेगळी. मांस खाल्ल्यावर दुधासाठी थांबायचं; पुष्कळ घरांत सहा तास, काहींत कमी, ज्याची त्याची चाल. आपल्यात सोवळ्याची भांडी असायची किंवा शाकाहारी घरात अंड्याचा तवा वेगळा असतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजायला जड जाणार नाही. कारणं वेगळी आहेत, शिस्त ओळखीची आहे. इथली माझी मित्रमंडळी विचारतात, "मग ग्रेव्हीला दाटपणा कशानं आणायचा? दही नाही, साय नाही, लोणी नाही." अहो, कोकणात कोण चिकनमध्ये साय घालत होतं! नारळाच्या रसानं हा प्रश्न आमच्या खेड्यांत केव्हाच सोडवला होता. आमच्या नव्या वर्षाचा चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या रसातलाच, म्हणजे मटणाच्या जेवणानंतरही खुशाल खाता येतो.

पण इथे एक फट आहे. डब्यातलं नारळाचं दूध घेताना पाठची बाजू वाचा. विशेषतः नारळाच्या दुधाच्या पावडरीत बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधातलं प्रथिन आहे. कॅनडात दूध हा ॲलर्जीचा पदार्थ म्हणून वेष्टनावर स्पष्ट लिहावा लागतो, हे आपल्या सोयीचं. मी दुकानात आधी ती ओळ वाचतो, मग शिक्का शोधतो. टोरंटोकडचा शिक्का सीओआर, माँट्रियलचा एमके. शेजारी डी असेल तर ते दुधाचं.

चिकनचं सांगतो. कोशर चिकन मीठ लावूनच येतं, रक्त काढण्यासाठी. पूर्वी घरी अर्धा तास पाण्यात भिजवून तासभर मिठात ठेवावं लागे, आता ते काम खाटीकच करतो. म्हणून रश्शात नेहमीपेक्षा कमी मीठ घाला आणि शेवटी चाखून वाढवा. दह्याऐवजी लिंबू, आलं-लसूण, हळद लावून सकाळी फ्रीजमध्ये ठेवायचं. संध्याकाळी कांदा परतून चिकन टाकायचं, शिजलं की नारळाचा रस, एक उकळी, बस. हे चिकन साध्या चिकनपेक्षा बरंच महाग पडतं, म्हणून आमच्याकडे ते आठवड्यातून दोनदाच.

मग बाकीचे दिवस? इथे मराठी माणूस नशीबवान आहे. वरण, उसळ, पिठलं, झुणका, भाकरी, मुगाची खिचडी: तुपाऐवजी तेलाची फोडणी दिली की यातलं काहीही ना मांसाचं, ना दुधाचं. याला पार्व म्हणतात. पार्व कशाबरोबरही चालतं. माझ्या अमेरिकन यहुदी सहकाऱ्यांना दुधाशिवाय शाकाहारी जेवण म्हणजे संकट वाटतं. आपल्याकडे तो साधा मंगळवार. म्हणून सल्ला असा की रोजची मोठी भांडी पार्व ठेवा, त्यांच्यात मांस-दूध जाऊच द्यायचं नाही. मांसाला एक पातेलं, एक कढई, लाल टेप. दुधाला दोन भांडी, निळी टेप. मुलांनाही कळतं. मॅनेजमेंटच्या पुस्तकात याला मोठं नाव देतील, आमची आई नुसतं "हात लावू नको त्याला" म्हणायची. पोळीला तूप लावलं की ती दुधाची झाली, एवढं मात्र पाहुण्या आजीआजोबांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. नंतर सांगितलं की राग येतो.

पालेभाजी, कोथिंबीर, फ्लॉवर यांत किडे नकोत. मिठाच्या पाण्यात बुडवून, उजेडात पान पान बघून घ्यायचं. हे काम मी मोठ्याला दिलंय, त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

शुक्रवार मात्र वेगळा. शब्बाथ सूर्यास्ताला लागतो आणि मग चूल पेटवायची नाही. टोरंटोत जूनमध्ये सूर्य नऊला मावळतो, डिसेंबरात पावणेपाचच्या आतच. दिवे त्याच्या अठरा मिनिटं आधी लावायचे. म्हणजे हिवाळ्यात शाळेची बस येते तेव्हा स्वयंपाक झालेलाच हवा. मी हिवाळाभर शुक्रवारी तीननंतर कॅलेंडरवर मीटिंग घेऊच देत नाही, आणि क्लायंटला कारणही सांगतो. गुरुवारी रात्री कालवण, शुक्रवारी सकाळी भात, आणि शनिवार दुपारसाठी मंद आचेच्या विजेच्या भांड्यात वालाचं बिरडं बटाट्याबरोबर, सूर्यास्ताच्या पुष्कळ आधी शिजत ठेवलेलं. गुरुवारीच काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, शुक्रवारी चुरून गाळायच्या. किद्दुशला आमच्याकडे हेच सरबत. इथे कोशर द्राक्षरसाची बाटली कुठेही मिळते, आणि घाईच्या आठवड्यात आम्ही ती उघडतोही. पण मनुका चुरायचं काम मुलं सोडत नाहीत. हात जांभळे करायला मिळतात ना.

तुमच्यापैकी कोणाच्या मुलांचा कोशर पाळणारा मित्र घरी येणार असेल, तर घाबरू नका. आधी त्याच्या आईवडिलांना विचारा, प्रत्येक घराची रेघ वेगळी असते. न कापलेली फळं, शिक्क्याचं न उघडलेलं पाकीट आणि कागदी बशी, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागतं. तुम्ही हौसेनं केलेला शिरा तो खाणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आणि बिरड्याबद्दल विचारणारे असतातच, म्हणून आत्ताच सांगतो. वाल भारतीय दुकानात कडवे वाल म्हणून मिळतात. मंगळवारी रात्री भिजत घाला, बुधवारी फडक्यात बांधा. इथल्या थंडीत मोड यायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून गाठोडं ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवा. गुरुवारी रात्री टीव्हीसमोर सगळ्यांनी बसून सोला. चौघांचे हात असले तर अर्ध्या तासात होतं.