घरचं गारेगार, पण पाणी आदल्या रात्रीचं



काय म्हणतंय ऊन? आमच्या माणदेशात होळी झाली की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दिसतो तो फक्त गारेगारवाला. त्याची घंटी वाजली की झोपलेली पोरं ताडकन उठतात आणि आईच्या पदराला झोंबतात. पैसे दिले नाहीत तर रडारड, दिले तर जीभ लाल होईपर्यंत चोखणं. त्यातलं पाणी कुठलं, रंग कुठला, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

म्हणून आज मी फळांचं गारेगार घरी कसं करायचं ते सांगणार आहे. कुणी त्याला कांडी म्हणतं, कुणी आइसकांडी. नाव काही असो, काम सोपं आहे. वही-पेन जवळ घेऊन बसा. पण कृतीच्या आधी एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला अजून जड जातं, कारण चूक माझी होती.

गेल्या वर्षी चैत्रातल्या यात्रेत आमच्या एका बचत गटानं कैरीचं गारेगार विकायचं ठरवलं. गटाची समन्वयक म्हणून मी पुढं होते. दोनशे कांड्या करायच्या, म्हणजे पाणी भरपूर लागणार. पाणी उकळून घ्यायचं हे आम्हाला माहीत होतं आणि आम्ही ते उकळलंही. पण ते संध्याकाळी उकळलं. मे महिना तोंडावर आलेला, पातेलं काही केल्या निवेना. फ्रीज दुसऱ्या घरी, लाईट जायची वेळ जवळ आलेली. गटातल्या एक काकू म्हणाल्या, "गरम पाणी फ्रीजमध्ये कसं ठेवायचं?" मग हौदातलं गार पाणी त्यात मिसळलं. निम्मं उकळलेलं, निम्मं टँकरचं. काकूंनीच विचारलं, "ताई, हे चालंल ना?" आणि मी म्हणाले, "चालतंय हो, शेवटी बर्फच तर व्हायचा आहे."

यात्रेत सगळ्या कांड्या संपल्या. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी गावातल्या पाच मुलांना जुलाब सुरू झाले. त्यातली एक आमच्याच गटातल्या बाईची मुलगी. तिला सलाईन लावावं लागलं. यात्रेत पोरं भेळ खातात, भजी खातात, उसाचा रस पितात. त्यामुळं ते गारेगारनंच झालं असं कुणी म्हणालं नाही, आणि नक्की सांगताही आलं नसतं. पण आम्ही काय केलं होतं ते आम्हाला माहीत होतं. पुढच्या बैठकीत मी उभी राहून ते सगळ्यांसमोर सांगितलं. त्या मुलीच्या आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. बैठक संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही शिकलेल्या ना?"

मैत्रिणींनो, ते वाक्य मी विसरलेले नाही. आणि ज्या गैरसमजामुळं ते ऐकावं लागलं, तो अनेकींच्या मनात असतो. आपल्याला वाटतं की थंडीनं जंतू मरतात. तसं नसतं. उकळल्यानं जंतू मरतात. गोठवल्यानं त्यातले बरेच नुसते गप्प पडून राहतात. कांडी तोंडात विरघळली, पोटातली ऊब मिळाली, की ते पुन्हा जागे होतात. म्हणजे जसं पाणी तसा बर्फ. उन्हाळ्यात तर आपलं पाणीच सगळ्यात वाईट असतं. विहिरीनं तळ गाठलेला, नळ चार दिवसांनी, टँकर कुठून भरून आला ते ठाऊक नाही. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याला गार खावंसं वाटतं.

म्हणून आमच्या गटानं आता एकच नियम केला आहे. पाणी आदल्या रात्री उकळायचं. खळखळ उकळी आली की आणखी एक-दोन मिनिटं तसंच उकळू द्यायचं. गॅस वाचवायचा असेल तर चुलीवर ठेवा, पण धूर लागू नये म्हणून झाकण हवं. मग त्याच पातेल्यात, झाकून, रात्रभर निवू द्यायचं. दुसऱ्या भांड्यात ओतायचं नाही, त्यात हात किंवा पेला बुडवायचा नाही. सकाळी ते गार असतं, मग कच्चं पाणी मिसळायचा मोहच होत नाही. आमची चूक अज्ञानापेक्षा घाईची होती. रात्री पाणी ठेवलं की घाई संपते.

आता कृती. वाटी म्हणजे आपली रोजची आमटीची वाटी समजा.

पहिलं कलिंगडाचं. यात पाणी लागतच नाही, म्हणून शिकायला हे सगळ्यात सोपं. कलिंगड चिरायच्या आधी बाहेरून स्वच्छ धुवा. सालीवर माती असते आणि सुरी ती थेट आत नेते. चार वाट्या लाल फोडी घ्या, बिया काढा. लहान मुलांसाठी बिया काढाच, त्या घशात अडकू शकतात. मिक्सरमधून फिरवा, एका लिंबाचा रस, दोन मोठे चमचे साखर आणि चिमूटभर सैंधव किंवा काळं मीठ घाला. मिक्सर नसेल तर धुतलेल्या रवीनं घुसळून गाळणीतून गाळा. सात-आठ लहान कांड्या होतात.

दुसरं कैरीचं. दोन मध्यम कैऱ्या धुऊन कुकरला तीन शिट्ट्या द्या. साल काढून गर कुस्करा, साधारण एक वाटी गर निघतो. दीड वाटी चिरलेला गूळ एक वाटी पाण्यात उकळून विरघळवा आणि गाळून घ्या, गुळात कचरा असतोच. गर आणि गूळ एकत्र करून रात्रीचं उकळून निववलेलं तीन वाट्या पाणी घाला. वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ. बारा-चौदा कांड्या होतील.

तिसरं चिंचेचं. चिंच तर आपल्या बांधावरच असते. लिंबाएवढा चिंचेचा गोळा एक वाटी उकळत्या पाण्यात झाकून भिजवा. पाणी कोमट झालं की हात साबणानं धुऊन चिंच कुस्करा आणि गाळा. पाऊण वाटी गूळ थोड्या पाण्यात उकळून, गाळून त्यात घाला. वर दीड-दोन वाट्या रात्रीचं पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर मीठ. माझी नणंद कोकणात असते, ती चिंचेच्या जागी आमसुलं भिजवते आणि गुळाऐवजी साखर घालते. रंग इतका सुंदर येतो की विकतचा लाल रंग कुणी मागत नाही.

आता गोडाचं गणित समजून घ्या, म्हणजे तुम्ही कुठल्याही फळाचं करू शकाल. साखर किंवा गूळ अगदी कमी घातला तर कांडी दगडासारखी कडक होते, दात लागत नाही. फार जास्त घातला तर ती नीट गोठतच नाही, लगदा होतो. मीठ जास्त झालं तरी तेच. आणि गार पदार्थाचा गोडवा जिभेला कमी लागतो. म्हणून मिश्रण चाखताना नेहमीच्या सरबतापेक्षा थोडं जास्त गोड लागलं की बरोबर झालं समजा. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी मात्र ही कांडी जपूनच खायची. घरचं आहे म्हणून गूळ-साखर कमी होत नाही.

साचे विकत आणायलाच हवेत असं नाही. चहाचे छोटे स्टीलचे पेले चालतात, लहान वाट्या चालतात. पेला काठोकाठ भरू नका, बोटभर जागा ठेवा, कारण गोठताना पाणी फुगतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दुकानात मिळतात. त्या उकळत्या पाण्यातून काढून घ्या. झाडूची काडी किंवा टोकदार काटकी वापरू नका, पोरांच्या टाळूला लागते. काडी उभी राहत नसेल तर पेले तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, मिश्रण जरा घट्ट झालं की मग खोचा. पुरतं गोठायला सहा ते आठ तास लागतात. लाईट कमी दाबाची असेल तर रात्रभर ठेवा. काढताना पेला बाहेरून दहा-पंधरा सेकंद साध्या पाण्यात धरा आणि काडी हळूच फिरवून ओढा.

ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांनी नाराज होऊ नका. आपल्याकडं कुल्फीवाले फ्रीजशिवायच कुल्फी जमवत आले आहेत. बर्फाचा चुरा तीन भाग आणि जाडं मीठ एक भाग एकत्र केलं की ते मिश्रण नुसत्या बर्फापेक्षा खूप जास्त गार होतं. बादलीला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. झाकणाचे कुल्फीचे साचे भरा आणि झाकणाच्या कडेनं मळलेली कणीक लावून बंद करा, म्हणजे खारट पाणी आत जाणार नाही. साचे त्या बर्फात पुरून ठेवा, अधूनमधून बादली हलवा. तासाभरानं एक साचा उघडून पाहा, कच्चं वाटलं तर पुन्हा पुरा. साचा बाहेरून धुऊन मगच उघडायचा. उरलेलं खारं पाणी झाडाला किंवा परसात टाकू नका, जमीन खराब होते.

आणि बर्फ विकत आणताना त्याचा रंग बघा. 2018 पासून आपल्या राज्यात खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक केलेलं आहे. निळसर बर्फ मासे, भाज्या गार ठेवण्यासाठी असतो. बादलीत साच्याच्या बाहेर तो चालेल, पण सरबतात किंवा गोळ्यात कधीही नाही.

आता लाईटचं. लाईट गेली की फ्रीजरचं दार उघडून बघत बसू नका. बंद ठेवलं तर गारवा बराच वेळ टिकतो. पण कांड्या वितळून पाणी झालं असेल तर ते पुन्हा गोठवायचं नाही. जंतू त्या कोमट वेळात वाढतात. अजून चांगलं गार असेल तर लगेच पिऊन टाका, नाहीतर ओतून द्या. ओतताना जीव तुटतो, मला माहीत आहे. सलाईनची बाटली बघतानाही तुटतो.

गट म्हणून विकायचं असेल तर आणखी तीन गोष्टी. एक, अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 प्रमाणे खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या लहान व्यावसायिकांनाही नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन भरता येतो. यात्रेत आम्ही नोंदणीशिवाय बसलो होतो, तीही चूकच. दोन, ज्या बाईला स्वतःला जुलाब, उलटी किंवा हाताला पिकलेली जखम आहे, तिनं त्या दिवशी हिशोब लिहावा, गारेगारला हात लावू नये. तीन, भाव ठरवताना फळ आणि गुळाबरोबर पाणी उकळायचं सरपण किंवा गॅस, लाईट, काड्या आणि आपली मजुरीही धरा. पाणी उकळण्याचा खर्च भावात धरलेला असला की तो वाचवायचा मोह होत नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं. उन्हात गारेगार खाल्लं की बरं वाटतं, पण ते औषध नाही. मुलाला जुलाब झाले तर आशाताईंकडून ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या घ्या. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून जलसंजीवनी करा आणि घोट घोट पाजा. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा पोटात काही ठरेना, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

यंदा आमच्या गटानं पुन्हा गारेगार केलं. यात्रेसाठी नाही, अंगणवाडीतल्या आणि गल्लीतल्या पोरांसाठी, फुकट. आदल्या रात्री पाणी उकळायला कोण आलं असेल? त्याच मुलीची आई. पातेल्यावर झाकण तिनं स्वतः ठेवलं आणि वर पाटा ठेवला, कुणी उघडू नये म्हणून. सकाळी कैरीची पहिली कांडी तिनं आपल्या मुलीच्या हातात दिली. त्यापेक्षा मोठी पावती मला नको.

तर मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाली, की चुलीवर एक पातेलं पाणी उकळायला ठेवा. बाकीचं उद्या सकाळी.